पिवळा म्हणून टाकू नका : परसबागेतील केशरी फुलकोबी

फुलकोबीचा गड्डा जितका शुभ्र तितका तो उत्तम, ही पारख आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. बाजारात गिऱ्हाईक आधी रंग पाहते आणि मग भाव विचारते. गड्ड्यावर पिवळट छटा दिसली की तो जून झालेला, उन्हाने बिघडलेला किंवा शिळा असावा असे समजून ते पुढच्या टोपलीकडे वळते. म्हणूनच आपले भाजीपाला उत्पादक गड्डा आकार धरू लागताच बाहेरची पाने त्यावर ओढून बांधतात व त्यास उन्हापासून जपतात. पांढऱ्या फुलकोबीपुरती ही पारख अगदी योग्य आहे. परंतु फुलकोबीचा एक वाण आता असा उपलब्ध झाला आहे, की ज्याचा केशरी पिवळा रंग हा दोष नसून तोच त्याचा मुख्य गुण होय. 'पुसा बीटा केसरी १' हे त्या वाणाचे नाव. आपल्या परसबागेत त्याची बारा रोपे कशी वाढवावीत आणि त्यापासून काय अपेक्षा ठेवावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

परंतु लागवडीची माहिती देण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे अगत्याचे वाटते. कारण तीच या लेखाचे निमित्त आहे.

एक चूक आणि तिचा धडा

२०२२ सालच्या पावसाळ्याअखेर माझ्या कार्यक्षेत्रातील एका लहान गावी मी या वाणाची रोपे दहा घरी वाटली. अंतर किती ठेवावे, पाणी केव्हा द्यावे, खत किती घालावे, हे सर्व समजावून सांगितले. जानेवारीत पुन्हा त्या गावी जाण्याचा योग आला, तेव्हा एका घरच्या आजींनी मला परसदारी नेले. वाफा स्वच्छ होता, खुरपणी वेळच्या वेळी झालेली दिसत होती. गड्डे मात्र एकदोनच उरले होते. मी विचारले, "आजी, बाकीचे काढले का?"

"काढले की, साहेब," त्या म्हणाल्या. "रोपं चांगली जोमानं आली. पण गड्डे सगळे पिवळे पडले बघा. पोरांच्या पोटात कशाला घालायचे, म्हणून म्हशीला घातले."

उरलेल्यांपैकी एक गड्डा त्यांनी माझ्यासमोर विळीवर चिरला. वरून जसा रंग, तसाच आतूनही. गड्डा घट्ट, ताजा आणि निकोप होता. ओसरीवर त्यांची दोन नातवंडे जेवावयास बसली होती. त्यांच्या ताटात भाकरी आणि डाळ होती. ज्या मुलांसाठी ती भाजी लावली, त्यांच्या ताटात ती पोहोचलीच नाही, आणि यात त्या माउलीचा काहीही दोष नव्हता. पिवळा गड्डा खाऊ नये, हे तिचे ज्ञान अनुभवाचे होते. गड्डा पिवळाच येणार आहे, ही एक गोष्ट मी सांगावयास विसरलो होतो. मी वाण दिला, पण वाणाची ओळख दिली नाही. ही ओळख आता क्रमाने करून घेऊ.

हा रंग आला कोठून ?

फुलकोबी हे मुळात आपल्या देशातील पीक नव्हे. सहारनपूर येथील कंपनी बागेत १८२२ साली इंग्लंडहून आणलेल्या बियाण्यापासून तिची भारतात सुरुवात झाली. थंड देशातील हे पीक आपल्या उष्ण हवेत रुळण्यास बराच काळ लागला. उन्हात तग धरणाऱ्या झाडांचे बी उत्तरेकडील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे निवडून ठेवले आणि त्यांतूनच भारतीय फुलकोबीचे वाण तयार झाले. हे सर्व वाण पांढरे किंवा फार तर पिवळसर मलई रंगाचे होते.

१९७० साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ब्रॅडफर्ड मार्श या भागात पांढऱ्या फुलकोबीच्या एका शेतात एक झाड वेगळे आढळले. त्याचा गड्डा लहान, पण रंगाने नारिंगी होता. निसर्गात क्वचित असे आपोआप बदल घडून येतात. ते झाड उपटून टाकले गेले असते, तर गोष्ट तेथेच संपली असती. परंतु ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा येथील संशोधन केंद्रात पोहोचले आणि तेथील पैदासकार मायकेल डिक्सन यांनी पांढऱ्या वाणांशी त्याचा पुनःपुन्हा संकर करून चांगल्या आकाराचे नारिंगी गड्डे मिळविले. पुढे २००६ साली या रंगास कारणीभूत असलेल्या जनुकाचा शोध लागला व त्यास 'ऑर' असे नाव देण्यात आले.

या जनुकाचे कार्य समजण्यास सोपे आहे. धान्य कितीही पिकले तरी ते साठविण्यास घरी कणगी नसेल, तर ते टिकत नाही. पांढऱ्या फुलकोबीच्या गड्ड्यात केशरी रंगद्रव्य साठविण्याची अशी कणगीच नसते. 'ऑर' जनुकामुळे गड्ड्याच्या पेशींमध्ये ती साठवण तयार होते आणि गाजरास रंग देणारे बीटा कॅरोटिन हे द्रव्य त्यात साचते. आपले शरीर याच द्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते.

नवी दिल्ली येथील भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने हा गुण भारतीय फुलकोबीत आणला. तेथे तयार झालेला 'पुसा बीटा केसरी १' हा वाण २०१५ साली दिल्ली परिसराकरिता प्रसारित करण्यात आला. बीटा कॅरोटिनने समृद्ध असा हा देशातील पहिलाच फुलकोबीचा वाण होय. त्याच्या १०० ग्रॅम ताज्या गड्ड्यात ८०० ते १,००० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटिन असते. नेहमीच्या पांढऱ्या गड्ड्यात ते नगण्य असते. या वाणाच्या गड्ड्याचे सरासरी वजन सुमारे सव्वा किलो भरते आणि उत्पन्न हेक्टरी ४० टनांहून अधिक येते, असे संस्थेच्या प्रयोगांत दिसून आले आहे. परसबागेत सर्वच गड्डे या वजनाचे मिळतील असे मात्र समजू नये.

अपेक्षा किती ठेवावी ?

नव्या वाणाची स्तुती ऐकून कोणी असा समज करून घेऊ नये, की केशरी फुलकोबी खाल्ली म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचा प्रश्न सुटला. केशरी गाजर, पालक, मेथी आणि विशेषतः शेवग्याचा पाला यांत बीटा कॅरोटिन या फुलकोबीपेक्षा कितीतरी अधिक असते. ज्यांच्या परसात शेवगा आहे, त्यांच्या दारी हे जीवनसत्त्व आधीच उभे आहे.

मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर घरोघरच्या जेवणात आहे. पालेभाजी ताटात बाजूला सारणारी मुले फुलकोबीची भाजी आवडीने खातात. जी भाजी घरात एरवीही होणारच आहे, तीच अधिक पौष्टिक झाली, तर गृहिणीस वेगळा खर्च किंवा वेगळी खटपट पडत नाही. या जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना संध्याकाळी अंधुक दिसू लागते, म्हणजेच रातांधळेपणा येतो, आणि अभाव तीव्र झाल्यास दृष्टी कायमची जाण्याचाही धोका असतो. त्यावर उपाय म्हणून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालीच सुरू झाला. ते डोस ठरलेल्या वयात मुलांना दिलेच पाहिजेत. परसबागेतील भाजी त्यांची जागा घेऊ शकत नाही. ती रोजच्या आहारास हातभार लावते, इतकेच तिचे काम आणि तेही थोडे नाही.

हंगाम चुकला तर सर्व चुकले

फुलकोबीच्या यशाची किल्ली तापमानात आहे. प्रत्येक वाणाची गड्डा धरण्याची वेळ ठराविक थंडीशी बांधलेली असते. लवकर येणारे वाण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात गड्डा धरतात, तर उशिरा येणाऱ्या युरोपीय वाणांना त्याहून बरीच अधिक थंडी लागते. 'पुसा बीटा केसरी १' हा या दोहोंच्या मधला, सप्टेंबर ते जानेवारी या काळात घेण्याचा वाण आहे. गड्डा धरण्याच्या सुमारास तापमान साधारणपणे १२ ते २० अंशांच्या दरम्यान असेल, तर या मधल्या हंगामातील वाणांचे गड्डे घट्ट व चांगले पोसतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहता ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बी पेरावे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रोपे लावावीत. म्हणजे डिसेंबर आणि जानेवारीच्या थंडीत गड्डे पोसतात. नाशिक, निफाड, जुन्नर यांसारख्या थंडी चांगली पडणाऱ्या भागांत या वाणास अनुकूल हवा मिळते. कोकणच्या किनारपट्टीवर आणि गोव्यात हिवाळ्यातही हवा उबदार राहते, म्हणून तेथे प्रथम चारसहा रोपांवरच अनुभव घ्यावा. हा वाण दिल्लीकरिता प्रसारित झालेला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवून आपल्याकडेही पहिल्या वर्षी तो परसबागेतच अजमावणे शहाणपणाचे ठरेल.

हंगाम साधला नाही तर काय होते, हे मी स्वतःच्या घरीच अनुभवले आहे. एका वर्षी कामाच्या गर्दीत माझी रोपे गादीवाफ्यावरच पन्नास दिवस राहिली. ती जून होऊन दांड्यासारखी कठीण झाली, तरी मी ती लावली. झाडे गुडघ्याएवढीही होण्यापूर्वी त्यांनी सुपारीएवढे गड्डे धरले आणि ते पुढे वाढलेच नाहीत. जून रोपे, नत्राची कमतरता किंवा रोपवयात बसलेला पाण्याचा ताण, यांपैकी कोणत्याही कारणाने असे होऊ शकते. याउलट ऐन गड्डा पोसण्याच्या वेळी हवा उष्ण झाली, तर गड्डा विरळ व रवाळ होतो किंवा त्यातून हिरवी पाने डोकावू लागतात.

रोपे तयार करणे

फुलकोबीच्या एका ग्रॅम बियाण्यात सुमारे तीनशे दाणे असतात, म्हणून एका कुटुंबास एक ग्रॅम बीसुद्धा अधिकच होते. चार घरांनी मिळून एक लहान पुडी आणावी व रोपे एकाच ठिकाणी तयार करावीत, हे उत्तम.

रोपांसाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असा गादीवाफा उन्हाच्या जागी करावा. पावसाचे पाणी साचणार नाही अशी जागा निवडावी. मातीत चांगले कुजलेले शेणखत एक घमेले मिसळावे. त्यात मूठभर ट्रायकोडर्मा कालविल्यास रोपे कोलमडण्याचा रोग बराच आटोक्यात राहतो. वाफ्यावर १० सेंटिमीटर अंतराने बोटाने उथळ रेघा ओढाव्यात, त्यात बी विरळ पेरावे आणि वर बारीक चाळलेले खत भुरभुरावे. झारीने हलके पाणी देऊन वाफा वाळलेल्या गवताने झाकावा. चारपाच दिवसांनी उगवण दिसू लागताच ते गवत संध्याकाळच्या वेळी काढून घ्यावे. दाट उगवलेली रोपे उपटून विरळणी करावी. चार ते पाच आठवड्यांत रोपास चारपाच पाने येतात. त्या वेळी ते लागवडीस योग्य होते. त्याहून जून रोप लावू नये.

सर्व बी एकाच दिवशी न पेरता निम्मे पंधरा दिवसांनी पेरल्यास गड्डे एकदम तयार न होता घरात महिनाभर भाजी पुरते. परसबागेत हा क्रम अवश्य ठेवावा.

वाफा व खते

सहा फूट लांब व सहा फूट रुंद जागा बारा रोपांस पुरेशी होते. दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवल्यास तीन ओळींत प्रत्येकी चार रोपे बसतात. जागेवर निदान सहा तास स्वच्छ ऊन पडले पाहिजे. घराच्या, विहिरीच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत गड्डे पोसत नाहीत. मध्यम काळी, पोयट्याची व पाण्याचा निचरा होणारी जमीन सर्वांत चांगली. कोंबड्या व शेळ्या यांपासून संरक्षण म्हणून चारी बाजूंनी काटेरी फांद्यांचे कुंपण करावे. कोवळी रोपे कोंबड्या एका सकाळीत संपवितात.

लागवडीपूर्वी पंधरा दिवस वाफा वीतभर खोल खणून त्यात सुमारे १० किलो कुजलेले शेणखत मिसळावे. फुलकोबीस हेक्टरी १५० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद व ७५ किलो पालाश याप्रमाणे खते दिली जातात. वरील वाफ्यापुरता त्याचा हिशेब पुढीलप्रमाणे पडतो. लागवडीच्या वेळी युरिया ५५ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट १५५ ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश ४० ग्रॅम द्यावे. लागवडीनंतर एक महिन्याने युरिया आणखी ५५ ग्रॅम रोपांभोवती, दांड्यास न लागेल असा, द्यावा आणि मातीने झाकावा. अंदाजाने मूठमूठ खत टाकण्याची सवय परसबागेत फार नुकसान करते. म्हणून गावातील दुकानाच्या काट्यावर खत एकदा तोलून घ्यावे व त्या मापाची वाटी ठरवून ठेवावी.

फुलकोबीस बोरॉन या सूक्ष्म द्रव्याची गरज इतर भाज्यांपेक्षा अधिक असते. ते कमी पडल्यास गड्ड्यावर तपकिरी डाग पडतात, दांडा आतून पोकळ होतो आणि गड्डा कडवट लागतो. पूर्वी असे झालेले असल्यास या वाफ्यात लागवडीपूर्वी चार ते पाच ग्रॅम, म्हणजे सुमारे एक लहान चमचा, बोरॅक्स कोरड्या मातीत कालवून सर्वत्र सारखे पसरावे. याहून अधिक घालू नये. जादा बोरॉन पिकास अपायकारक असते.

लागवड आणि निगा

ऊन कलल्यावर रोपे लावावीत. गादीवाफ्यास आधी पाणी देऊन रोपे मुळांवरील मातीसह उचलावीत आणि पहिल्या पानापर्यंत मातीत बसवून भोवतालची माती बोटांनी दाबावी. लगेच पाणी द्यावे. पहिला आठवडाभर एक दिवसाआड झारीने पाणी द्यावे. पुढे जमिनीच्या मगदुराप्रमाणे व वाफसा पाहून पाण्याच्या पाळ्या द्याव्यात. गड्डा धरू लागल्यापासून काढणीपर्यंत वाफा एकदाही कोरडा पडू देऊ नये. घरातील भांडी विसळल्याचे पाणी परसाकडे वळविण्याची चाल चांगली आहे. परंतु साबणाचे व खारट पाणी या वाफ्यात सोडू नये.

फुलकोबीची मुळे उथळ असतात, म्हणून खुरपणी हलक्या हाताने करावी. महिन्याने वरखत देताना रोपांस मातीची भर द्यावी, म्हणजे गड्ड्याच्या भाराने झाड कलत नाही. पांढऱ्या फुलकोबीप्रमाणे पाने बांधण्याची मेहनत मात्र या वाणास घ्यावी लागत नाही. रंग उडेल किंवा बिघडेल ही भीती येथे नाही.

किडी व रोग

परसबागेतील भाजी घरातील मुलांनीच खावयाची असते. म्हणून येथे विषारी औषधांचा मोह कटाक्षाने टाळावा. बारा झाडांची राखण डोळ्यांनी व हातांनी होऊ शकते.

या पिकाचा मुख्य शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याच्या लहान हिरव्या अळ्या पानांस छिद्रे पाडतात आणि हात लावताच धाग्यास लोंबकळतात. फुलकोबी लावण्यापूर्वी पंधरा दिवस वाफ्याच्या दोन्ही बाजूंस मोहरीची एकएक ओळ पेरावी. हे पतंग मोहरीवर अंडी घालणे अधिक पसंत करतात आणि मुख्य पीक बरेच वाचते. मोहरीवर अळ्या दिसताच त्या वेचून नष्ट कराव्यात. दर तीन दिवसांनी फुलकोबीची पाने उलटून पाहावीत. अळ्या व अंडी हाताने चिरडावीत. मावा किंवा अळ्या वाढू लागल्यास ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून ती फडक्यातून गाळून घ्यावी, त्यात किंचित साबण मिसळावा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे.

पानाच्या कडेपासून आत इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा पिवळा डाग येऊन शिरा काळ्या पडू लागल्या, तर तो घाण्या रोग समजावा. हा रोग बियाण्यातून व पाण्याच्या थेंबांतून पसरतो. असे झाड तत्काळ उपटून जाळावे आणि त्या जागी तीन वर्षे कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा किंवा मोहरी घेऊ नये. मोहरी याच कुळातील असल्यामुळे अशा परसात पुढील वर्षी फुलकोबीचा वाफा व मोहरीची ओळ ही दोन्ही नव्या जागी न्यावीत. पाणी झाडावरून न ओतता बुंध्याशी देण्याची सवय ठेवल्यास या रोगास पुष्कळ पायबंद बसतो.

काढणी आणि रंगाची पारख

लागवडीपासून अडीच ते तीन महिन्यांत गड्डे काढणीस येऊ लागतात. गड्डा घट्ट असतानाच, त्याच्या कडा सुट्या होऊ लागण्यापूर्वी, सकाळच्या वेळी दोनचार पानांसह कापून घ्यावा.

आता त्या आजींना जे मी सांगावयास हवे होते, ते येथे स्पष्ट सांगतो. उन्हाने पिवळा पडलेला पांढरा गड्डा चिरून पाहावा. त्याचा पिवळेपणा वरच्या पृष्ठभागावरच असतो, आत तो पांढरा निघतो. शिळ्या किंवा जून गड्ड्याचे तुरे सुटे झालेले असतात, त्यावर काळपट ठिपके दिसतात आणि त्यास उग्र वास येतो. केशरी वाणाचा गड्डा मात्र घट्ट असतो, त्याचा रंग सर्वत्र सारखा असतो आणि चिरल्यावर तोच रंग आतही दिसतो. घट्टपणा, वास आणि आतला रंग, या तीन खुणा ज्याने पाहिल्या, त्याची फसगत होणार नाही. खराब झालेला केशरी गड्डा याच पहिल्या दोन खुणांवरून ओळखून टाकून द्यावा. रंगाचे कौतुक म्हणून कुजका गड्डा कोणी खाऊ नये.

स्वयंपाकघरात

बीटा कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे भाजी शिजविताना तिचा रंग पाण्यात उतरत नाही. परंतु तेलाची फोडणी नसेल, तर शरीरास त्याचा पुरेसा लाभ होत नाही. एक दोन चमचे तेलाची फोडणी, त्यावर झाकण आणि बेताची वाफ, एवढ्यात भाजी होते. खळखळा उकळून वरचे पाणी ओतून देण्याची पद्धत टाळावी, कारण त्याबरोबर दुसरी उपयुक्त जीवनसत्त्वे निघून जातात. चिरण्यापूर्वी गड्डा मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवल्यास आत दडलेल्या अळ्या बाहेर येतात.

गड्ड्याभोवतीची कोवळी पाने आपण सर्रास गुरांपुढे टाकतो. ती लोह व कॅरोटिन यांनी समृद्ध असतात. बारीक चिरून, लसणाची फोडणी देऊन व वर बेसन पेरून त्यांची भाजी चांगली होते. हा लाभ पांढऱ्या फुलकोबीच्या पानांतूनही मिळतो आणि त्यास नवे बियाणे लागत नाही.

बियाण्याविषयी

बियाणे भारतीय कृषि अनुसंधान संस्थेकडून किंवा खात्रीच्या केंद्राकडूनच घ्यावे. मागणी कशी नोंदवावी याविषयी आपल्या जिल्ह्यातील कृषि विज्ञान केंद्राकडे उन्हाळ्यातच विचारणा करावी, म्हणजे पेरणीच्या वेळी धावपळ होत नाही. परसबागेतील झाडाचे बी धरण्याच्या भरीस पडू नये. फुलकोबीचे परागीभवन मधमाश्या करतात आणि कोबी किंवा नवलकोल फुलावर असल्यास त्यांच्याशीही संकर होतो. अशा बियाण्यापासून रंगाने व आकाराने मिसळ झाडे निघतात.

ग्रामीण कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींनी रोपे वाटताना संख्येपेक्षा माहितीकडे अधिक लक्ष द्यावे. पन्नास घरी रोपे पोहोचविण्यापेक्षा पाच घरी रोप व त्याची खूण दोन्ही पोहोचविणे अधिक फलदायी होय. रोपे देतानाच घरातील स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीस रंगीत चित्र दाखवावे, कारण गड्डा ताटात जाणार की गोठ्यात, हा निर्णय तिच्याच हाती असतो. वाफ्यात आठ झाडे केशरी व चार झाडे ओळखीच्या पांढऱ्या वाणाची लावावीत, म्हणजे तुलना करता येते. पेरणी, लागवड व काढणीच्या तारखा आणि प्रत्येक गड्ड्याचे वजन वहीत लिहून ठेवावे. आपल्या तालुक्याच्या हवेत हा वाण कितपत उतरतो, हे अशा नोंदीच सांगू शकतील. आणि गड्डे तयार होण्याच्या आठवड्यात एक फेरी अवश्य मारावी. मी ती फेरी उशिरा मारली होती.

पुढल्या वर्षी त्याच आजींच्या परसात मी पुन्हा बारा रोपे लावून घेतली, या वेळी सर्व सांगून. एक रोप कोंबड्यांनी खाल्ले, दोन घाण्या रोगाने गेली आणि नऊ गड्डे हाती आले. सर्वांत मोठा किलोभर भरला, सर्वांत लहान पाव किलोचा होता. पहिला गड्डा काढला त्या दिवशी मी तेथे होतो. शेजारच्या सूनबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "आत्या, गड्डा पिकला की तुमचा!" आजींनी तो विळीवर चिरून त्यांच्यापुढे धरला व म्हणाल्या, "पिकला नाही गं, त्याचा रंगच तसा हाय. आतून बघ." त्या दिवशी अर्धा गड्डा शेजारी गेला आणि अर्ध्याची भाजी नातवंडांच्या ताटात पडली.

सहा फूट चौरस जागा, दहा किलो शेणखत, चिमूटभर बी आणि सप्टेंबरचा मुहूर्त, एवढेच भांडवल या कामास लागते. येत्या हंगामात आपल्या परसात हा प्रयोग करून पाहावा आणि पहिला गड्डा शेजाऱ्यांसमोर चिरावा, अशी सर्व शेतकरी बंधुभगिनींना विनंती आहे.